कीबोर्ड ते प्रिंटर : संगणकाची उपकरणे कशी चालतात आणि बिघाड कसा ओळखावा

संगणक बिघडला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा संगणक धडधाकट असतो आणि अडलेले असते ते त्याला जोडलेले एखादे उपकरण. माहिती आत पाठवणारी आणि बाहेर दाखवणारी ही उपकरणे आतून कशी चालतात हे ठाऊक असेल, तर दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे दुरुस्तीला नेण्यापूर्वी घरीच बऱ्यापैकी ठरवता येते आणि विनाकारण होणारा खर्च टळतो.

कीबोर्डापासून सुरुवात करू. साध्या कीबोर्डात कळांखाली रबराच्या लहान टोप्या आणि त्यांच्याखाली वीजवाहक रेषा छापलेले प्लास्टिकचे पातळ थर असतात. कळ दाबली की वरच्या थरावरची रेषा खालच्या थरावरच्या रेषेला टेकते. कीबोर्डातील चिप या आडव्या-उभ्या रेषांचे जाळे सतत तपासत असते आणि कोणत्या जागी स्पर्श झाला त्याचा क्रमांक संगणकाला कळवते. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, केवळ कळेची जागा सांगतो. त्या जागेला कोणते अक्षर द्यायचे हे विंडोज किंवा लिनक्ससारखी संगणकप्रणाली ठरवते. म्हणूनच इंग्रजी ‘के’ छापलेली कळ इन्स्क्रिप्ट या देवनागरी टंकनाच्या मांडणीत ‘क’ उमटवते आणि शिफ्टसह दाबल्यास ‘ख’. तेव्हा भलतीच अक्षरे उमटू लागली, तर नवा कीबोर्ड आणण्याआधी भाषेची सेटिंग तपासावी. एकच कळ चालत नसेल, तर तिच्याखाली बहुधा कचरा अडकलेला असतो; पण काही ठरावीक कळा एकाच वेळी बंद पडल्या, तर त्यांची सामाईक रेषा तुटली असण्याची शक्यता अधिक, कारण एक रेषा अनेक कळांना जोडलेली असते. अशा वेळी कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा.

ऑप्टिकल माऊसच्या पोटात दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. हा कॅमेरा पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो आणि लागोपाठच्या चित्रांतील फरकावरून माऊस किती व कोणीकडे सरकला हे ठरवले जाते. स्वच्छ काचेवर टिपण्याजोगे काही नसल्यामुळे तेथे पडद्यावरचा बाण अडखळतो. खाली साधा कागद ठेवला तरी काम होते. बाण नीट फिरतो, पण एकदा दाबले असता दोनदा दाबल्यासारखे होते, तेव्हा दोष कॅमेऱ्यात नसून बटणाखालच्या झिजलेल्या स्विचमध्ये असतो.

स्कॅनरमध्ये काचेखालून दिवा आणि संवेदकांची पट्टी सरकते व कागद ओळीओळीने वाचला जातो. मजकुरासाठी ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू, पुरेसे आहे. त्यात ए४ पानाचे सुमारे २४८० × ३५०८ बिंदू होतात. ६०० डीपीआय निवडल्यास बिंदू चौपट होतात, फाईल फुगते आणि सरकारी अर्जाच्या संकेतस्थळावर ती चढत नाही.

मॉनिटर काळा पडला, तर आधी त्यावर ‘सिग्नल नाही’ असा संदेश येतो का ते पाहावे. येत असेल, तर मॉनिटर जिवंत आहे. दोष केबलमध्ये किंवा संगणकात शोधावा. संदेश येत नसेल, तर पडद्यावर तिरका टॉर्च धरावा. पुसट चित्र दिसले, तर मागचा प्रकाश गेलेला आहे.

लेझर प्रिंटर मात्र सविस्तर समजून घेण्याजोगा आहे. त्यातील ड्रमवर, म्हणजे फिरत्या नळकांड्यावर, स्थिर विद्युतभार चढवला जातो आणि लेझरचा किरण मजकुराच्या आकारात तो भार बदलतो. केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, त्याच तत्त्वाने टोनरची, म्हणजे कोरड्या शाईची, पूड त्या जागी चिकटते, तेथून कागदावर उतरते आणि शेवटी फ्यूजरचे तापलेले रूळ तिला वितळवून कागदात बसवतात. प्रत्येक टप्प्याची खूण पानावर दिसते. एकच डाग समान अंतरावर पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर ड्रमवर किंवा एखाद्या रुळावर ओरखडा आहे. ते अंतर म्हणजे त्या रुळाचा परीघ, म्हणून पट्टीने मोजून ठेवावे, दुरुस्तीवाल्याला त्याचा उपयोग होतो. बोट फिरवताच अक्षरे पुसली जात असतील, तर फ्यूजर पुरेसा तापत नाही. छपाई फिकट झाली, तर कार्ट्रिज, म्हणजे टोनरचा डबा, काढून आडवे धरून हलकेच हलवावे, म्हणजे उरलेली पूड सारखी पसरते. हे करताना ड्रम उन्हात ठेवू नये, कारण तो प्रकाशाने खराब होतो. सांडलेली पूड कोरड्या कापडाने टिपावी. गरम पाणी लावल्यास ती वितळून चिकटते.

इंकजेटमध्ये केसाहूनही बारीक छिद्रांतून शाईचे थेंब उडवले जातात. प्रिंटर बरेच दिवस पडून राहिला की शाई तेथेच वाळते आणि छपाईत पांढऱ्या रेषा पडतात, म्हणून आठवड्यातून एखादे रंगीत पान छापत जावे. छिद्रे तुंबलीच, तर प्रिंटरमधील सफाईचा पर्याय दोन-तीनदा वापरून काही तास थांबावे आणि मग चाचणीचे पान काढावे. सफाई लागोपाठ करत राहिल्यास प्रत्येक वेळी शाई खर्ची पडते.