मोबाइल किंवा ब्रॉडबँडचं बिल चुकीचं आलं तर काय करायचं, आणि ते चुकतं कुठे

बिल जास्त आलं की बहुतेक जण लगेच कस्टमर केअरला फोन लावतात आणि "बिल एवढं जास्त का आलं" असं विचारतात, आणि तिथेच अर्धी तक्रार वाया जाते. कारण समोरच्या मुलाच्या स्क्रीनवर तुमचं बिल एक आकडा म्हणून नसतं, ओळीओळीने असतं, आणि कुठली ओळ चुकली हे तुम्ही सांगितलं नाही तर तो बिचारा वरून खाली सगळं वाचून दाखवतो, "सर सिस्टीममध्ये बरोबर दिसतंय" म्हणतो आणि कॉल संपतो. मी बरीच वर्षं पुण्यात टेलिकॉम बिलिंगच्या सपोर्टमध्ये काम केलंय. आपल्या शहरात मगरपट्टा, हिंजवडी, खराडी या भागात हे सॉफ्टवेअर लिहिणारी आणि रात्री जागून बिल रन, म्हणजे हजारो बिलं एकत्र काढायचं काम, सांभाळणारी खूप माणसं आहेत, तरी घराघरात बिल कसं वाचायचं हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बिल बनतं कसं ते बघू, फार टेक्निकल नाही करत. तुम्ही कॉल केला किंवा डेटा वापरला की नेटवर्कमध्ये त्याची एक नोंद तयार होते, तिला सीडीआर म्हणतात, कुणी, कुणाला, किती वाजता, किती सेकंद, एवढंच त्यात. या नोंदी मग मीडिएशन नावाच्या सिस्टीममधून जातात, तिथे डुप्लिकेट आणि खराब नोंदी बाजूला काढतात. त्यानंतर रेटिंग, म्हणजे तुमच्या प्लॅनप्रमाणे त्या नोंदीला किंमत लावणं, अनलिमिटेड असेल तर शून्य. आणि मग तुमची बिल सायकलची, म्हणजे दर महिन्याला बिल निघायची, तारीख आली की बिल रन. सगळ्या गिऱ्हाइकांचं बिल एका दिवशी काढणं झेपत नाही म्हणून लोकांना वेगवेगळ्या तारखांना वाटलेलं असतं, त्यामुळे एकाच घरात दोघांची बिलं वेगवेगळ्या दिवशी येतात. प्रीपेडचं वेगळं, तिथे पैसे त्याच क्षणी कापले जातात.

आता खरी गोष्ट. आजकाल कॉलचा हिशोब चुकण्याचं प्रमाण कमी आहे, प्लॅन अनलिमिटेड झाल्यामुळे रेटिंगला फारसं काम उरलेलं नाही. गोंधळ होतो तो प्लॅन चालू, बंद किंवा बदल करताना. म्हणजे ऑर्डर एक पडते आणि तुम्हाला सांगितलेलं असतं दुसरंच.

सगळ्यात जास्त भांडणं पहिल्या बिलावरून होतात, त्यामुळे ते नीट बघू. समजा प्लॅन 600 रुपयांचा, बिल सायकल महिन्याच्या 1 तारखेला, आणि कनेक्शन चालू झालं 16 जूनला. 1 जुलैला बिल येतं त्यात 16 ते 30 जून असे 15 दिवस, म्हणजे 300 रुपये, आणि भाडं सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं आगाऊ घेत असल्यामुळे जुलैचे 600. झाले 900. त्यावर 18 टक्के जीएसटी 162, एकूण 1062. माणूस म्हणतो 600 चा प्लॅन सांगून हजाराच्या वर बिल पाठवलं, फसवलं. इथे फसवलेलं नाही, पुढच्या महिन्यात 600 अधिक 108 म्हणजे 708 येईल. पण पुढच्या महिन्यातही 1062 च्या आसपास आलं तर मात्र काहीतरी नक्की चुकलंय. त्यामुळे पहिल्या बिलावर भांडण्याआधी कागदावर हा हिशोब करा, दोन मिनिटं लागतात. प्लॅन मध्येच बदलला तरी हेच, जुन्या प्लॅनचे उरलेल्या दिवसांचे पैसे वजा दिसले पाहिजेत आणि नव्याचे तेवढ्याच दिवसांचे लागलेले. मी तक्रारी बघताना सगळ्यात आधी ही वजाची ओळ शोधायचो. ती नसेल तर तुमची तक्रार पक्की आहे, कारण जुना आणि नवा असे दोन्ही प्लॅन एकाच वेळी चालू राहिलेत.

बाकीच्या ओळी बघताना एक करा, मागच्या महिन्याचं बिल शेजारी उघडून ठेवा आणि नवीन काय आलंय तेवढंच शोधा. फॅमिली प्लॅनमध्ये जोडलेलं सिम, तीन महिने फुकट म्हणून घेतलेलं आणि चौथ्या महिन्यात पैसे लागायला लागलेलं ओटीटी, मागच्या बिलाचा लेट फी. कॉलर ट्यून वगैरे व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस तुमच्याकडून दोनदा होकार घेतल्याशिवाय चालू करता येत नाही असा ट्रायचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे, त्यामुळे "तुम्हीच चालू केली असेल" असं म्हणाले तर सरळ विचारा की दोन्ही होकारांची नोंद दाखवा. अशा सर्व्हिस बंद करायला 155223 हा टोल फ्री नंबर आहे. प्रीपेडवाल्यांनाही हिशोब मागता येतो बरं का, मागच्या सहा महिन्यांतला तपशील मागितला तर कंपनीने द्यायला हवा आणि त्याचे 50 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

परदेशाचं वेगळं सांगतो. पुण्याहून दुबईला जाऊन आलात आणि पुढच्याच्या पुढच्या बिलात रोमिंगचे पैसे आले, तर घाबरून जाऊ नका. तिकडच्या कंपनीकडून बिलासाठीच्या नोंदी फाइलमधून येतात, त्या उशिरा आल्या की पुढच्या सायकलमध्ये पडतात. तारीख ट्रिपच्या दिवसांमधली आहे का आणि पॅक त्या वेळी चालू होता का एवढं तपासा. विमानात फोन एअरप्लेन मोडवर नसेल तर तो विमानातलं नेटवर्क पकडू शकतो आणि ते साध्या रोमिंग पॅकमध्ये बसेलच असं नाही, ही ओळ अनेकांना कळतच नाही कुठून आली.

ऑटोपे लावलेलं असेल तर पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज स्वाइप करून उडवू नका, बिल उघडायची तीच वेळ, कारण कापलेले पैसे परत मागणं हे न कापू देण्यापेक्षा कधीही अवघड.

चुकीची ओळ सापडली की मग तक्रार. कंपनीच्या 198 या तक्रारीच्या नंबरवर करा, ॲपवर करा, पण शक्यतो लेखी करा आणि अशा शब्दांत करा: "माझ्या 1 जुलैच्या बिलात अमुक ॲड-ऑनचे 199 रुपये लागलेत. मी हे मागितलेलं नाही. ज्या दिवशी आणि ज्या माध्यमातून हे चालू झालं त्याची नोंद द्या, सर्व्हिस माझ्या अकाउंटवरून काढा आणि करासकट रक्कम परत करा." एवढंच. जुना राग, किती वर्षांचा ग्राहक, नेटवर्क पण खराब आहे हे त्यात घालू नका, नाहीतर तक्रार नेटवर्कच्या रांगेत जाते आणि बिलिंगवाल्यांपर्यंत पोचतच नाही. हे मी स्वतः फार वेळा बघितलंय, चांगल्या तक्रारी चुकीच्या रांगेत पडून बंद झालेल्या. "करासकट" हा शब्द मुद्दाम घाला, 199 वरचा जीएसटी 35.82 होतो, तोही तुमचाच आहे. आणि डॉकेट नंबर, म्हणजे तुमच्या तक्रारीचा नंबर, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, मेसेज आला नाही तर मागा. तो नंबर नसेल तर पुढच्या पायरीवर तुम्ही तक्रार केलीच नव्हती असं धरलं जातं.

आता जे सांगायला हे लिहायला बसलो ते. कस्टमर केअर तुम्हाला पैसे परत देऊन मोकळं करतं तेव्हा दोन प्रकार असतात आणि ग्राहकाला फरक कळत नाही. एक आहे वेव्हर, म्हणजे एजंटला किंवा त्याच्या सुपरवायझरला ठरावीक रकमेपर्यंत माफ करायचा अधिकार असतो, तो तेवढे पैसे वजा टाकतो, तुम्ही खूश, कॉल बंद. दुसरं आहे करेक्शन, म्हणजे तुमच्या अकाउंटवर जे प्रॉडक्ट चुकून चालू राहिलंय ते सिस्टीममधून काढणं आणि मग मागचा हिशोब दुरुस्त करणं. वेव्हरमध्ये मूळ तसंच राहतं. पुढच्या महिन्यात बिल रन चालते तेव्हा सिस्टीम प्रामाणिकपणे तेच प्रॉडक्ट चालू बघते आणि तेच पैसे लावते, आणि तुम्ही परत फोन करता, या वेळी दुसरा एजंट, त्याला मागची माफी दिसते आणि तो म्हणतो "एकदा दिलंय सर, परत देता येणार नाही". एजंटची यात चूक नाही, त्याला कॉल लवकर संपवायचा असतो आणि त्याच्या हातात तेवढंच बटण असतं. म्हणून पैसे परत देतो म्हटल्यावर थांबू नका, तिथेच विचारा: "ही सर्व्हिस माझ्या अकाउंटवर आता चालू दिसतेय की बंद? कुठल्या तारखेपासून बंद?" तारीख मेसेज किंवा मेलवर मागा. बंद होण्याची तारीख आजची टाकली तर मागचे दिवस लागणारच, ती चालू झाल्याच्याच तारखेपासून रद्द व्हायला हवी, त्यामुळे तारीख ऐकून घ्या. कंपन्यांमध्ये ज्या लोकांच्या हातात हे ठरवणं आहे त्यांनाही माझं कळकळीने सांगणं आहे की एजंटचं काम कॉल किती सेकंदात संपला यावर मोजू नका, तोच ग्राहक दोन महिन्यांत परत त्याच कारणासाठी फोन करतोय का यावर मोजा, अर्ध्या तक्रारी आपोआप कमी होतील.

तक्रार चालू असताना बिल अडवून धरू नका. वादातली रक्कम सोडून बाकीची भरा, आणि तसं लेखी कळवा, नाहीतर आधी आउटगोइंग बंद होतं आणि मग मूळ मुद्दा बाजूला राहतो. रागाने पोर्ट, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, तर अजिबात करू नका, बिल बाकी असेल तर पोस्टपेडची पोर्टची विनंती नाकारली जाऊ शकते, आणि पोर्ट झाल्यावरही जुनी कंपनी बाकीसाठी नव्या कंपनीला कळवून नंबर अडवू शकते.

उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं. ही सोय 2012 च्या ट्रायच्या नियमांनी दिलीय, फी नाही, वकील नको, 30 दिवसांच्या आत अपील करायचं आणि त्यांनी 39 दिवसांत निकाल द्यायचा. ट्रायच्या साइटवर प्रत्येक कंपनीच्या अपील अधिकाऱ्याचा पत्ता सर्कलप्रमाणे, म्हणजे टेलिकॉमच्या विभागाप्रमाणे, मिळतो. पुणं महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं, मुंबईचं सर्कल वेगळं आहे, मुंबईचा पत्ता उचलून पाठवू नका. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवत नाही हेही माहीत असू द्या, तिकडे पत्र पाठवून वाट बघण्यात वेळ जातो.

त्यानंतरही झालं नाही तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालणार नाहीत असं सांगून लोकांना परत पाठवायचे, 2009 च्या एका निकालाचा आधार देऊन, पण फेब्रुवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की चालतात. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मसुदा कसा लिहायचा हे कळत नसेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना विचारा, ही चळवळ 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी आपल्या पुण्यातच सुरू केली.

एक धोक्याचं. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून काढू नका, बिलावर छापलेला किंवा ॲपमधला घ्या. "बिल अपडेट नाही, आज रात्री कनेक्शन बंद होईल" असा फोन आला तर ठेवून द्या आणि सरकारच्या संचार साथी साइटवर चक्षू या संशयित फोन कळवायच्या सोयीत नोंदवा. पैसे गेलेच तर लगेच 1930, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. घरातल्या आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा, रिफंड देतो म्हणून ओटीपी मागणाऱ्यांचं ते पहिलं गिऱ्हाईक असतात.

आणि वाकड, बाणेर, हिंजवडीकडे भाड्याने राहणाऱ्यांसाठी, कारण 11 महिन्यांचा करार संपला की हे प्रकरण हमखास होतं. फ्लॅट सोडताना ब्रॉडबँड बंद करायला नुसता फोन पुरत नाही. बंद करायची विनंती लेखी टाका, तिचा नंबर घ्या, शेवटचं बिल मागा, डिपॉझिट भरलेलं असेल तर ते त्यात वजा झालंय का बघा. नाहीतर तुम्ही नव्या घरी आणि जुन्या पत्त्यावर महिनोन्महिने ब्रॉडबँडचं भाडं लागत राहतं. राउटर न्यायला माणूस आला की पावती मागा, तो म्हणेल ॲपवर होईल, ठीक आहे, पण त्याच्या हातात द्यायच्या आधी मागचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढा आणि त्याने ॲपवर टाकलेला नंबर तोच आहे ना हे त्याच्यासमोरच जुळवून घ्या.