रंग चढायच्या आधी मोजा: कस्टम सायकल फ्रेम करून घेताना या चुका टाळा

खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या रस्त्याला सकाळी सहाला गर्दी नसते. तिथे मी नव्या सायकलवर दोन्ही हात सोडले आणि सायकल उजवीकडे निघाली. आपले रस्ते मध्यावरून कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालवतो. म्हणजे सायकल ओढलीच, तर डावीकडे ओढायला हवी. ही चढाच्या बाजूला चालली होती.

फ्रेम स्टीलची, सिंहगड चढायला म्हणून पुण्यातल्याच एका वर्कशॉपकडून मापानं करून घेतलेली. गडद निळा पावडर कोट आणि वेल्डिंग असं की मित्रांनी फोटो मागून घेतले. वर्कशॉपला फोन केला तर उत्तर आलं, “चाकाला आउट असेल साहेब, काढून घ्या.”

मी भोसरीच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली आहेत. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांवरून लोकांचा माल परत पाठवला आहे. आणि स्वतःची फ्रेम मात्र चमक बघून घरी आणली, साधी दोरीसुद्धा लावली नाही. त्यामुळे पहिली चूक माझीच: फ्रेम रंगायला जायच्या आधी मोजली नाही. रंगानंतर चूक सापडली, तर ती कोणालाच नको असते.

दोरी, उलटं चाक आणि ओळंबा

दोरीची तपासणी घरी दहा मिनिटांत होते. गवंड्याची लाइनदोरी घ्या. मागच्या एका ड्रॉपआउटला (मागच्या चाकाचा आस बसतो ती खाच) बाहेरच्या अंगानं बांधा, पुढे नेऊन हेड ट्यूबला (हँडलखालची नळी) वळसा घाला आणि मागे आणून दुसऱ्या ड्रॉपआउटला अगदी त्याच जागी ताणून बांधा. आता सीट ट्यूब (सीटखालची नळी) आणि दोरी यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंना व्हर्नियरनं मोजा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. उजवीकडचा आकडा मोठा असेल, तर फ्रेमचा मागचा भाग उजवीकडे सरकलाय.

इथे बरेच जण एक हिशेब चुकवतात. दोन्ही बाजूंत ४ मिमी फरक आला, तर निम्मा म्हणजे २ मिमीच चूक, असं म्हणून मोकळे होतात. ते सीट ट्यूबपाशी खरं आहे. पण ड्रॉपआउट त्याच्याही बरेच मागे असतात, तिथे तीच चूक वाढते. नेहमीच्या रोड फ्रेमवर हिशेब केला तर दोन अंतरांतला फरक आणि मागच्या टोकाचं सरकणं हे जवळपास सारखंच निघतं. एक मिमीच्या आत असेल तर मी काही बोलत नाही. माझ्या निळ्या फ्रेमला ५ मिमी होता.

आता ‘चाकाला आउट’ या उत्तराचं बघू. आउट म्हणजे रिम फिरताना डावी-उजवीकडे डुलते. रिम अजिबात न डुलता हबच्या (चाकाच्या मधला, आस धरणारा भाग) मध्यापासून एका बाजूला बसलेली असू शकते, त्याला डिश चुकणं म्हणतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात सर्रास एकाच शब्दात गुंडाळल्या जातात. फैसला करायला मागचं चाक काढा आणि उलटं बसवा, म्हणजे कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या) डावीकडे येईल. डिस्क ब्रेक असेल तर आधी रोटर (ब्रेकची तबकडी) आणि कॅलिपर (तिला दाबणारा भाग) काढा. रिम आधी उजवीकडे होती आणि आता तेवढीच डावीकडे गेली, तर दोष चाकाचा. दोन्ही वेळा उजवीकडेच राहिली, तर फ्रेमचा. रिम चेनस्टेजवळ (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) बरोबर मध्ये आणि वर सीटस्टेजवळ (तिकडेच जाणाऱ्या वरच्या नळ्या) कलती दिसत असेल, तर एक ड्रॉपआउट दुसऱ्यापेक्षा वर बसलाय.

दोरीला एक गोष्ट मात्र दिसत नाही: पीळ. हेड ट्यूब आणि सीट ट्यूब एकमेकींना समांतर नसल्या तरी दोरी ‘सगळं ठीक’ म्हणू शकते. त्यासाठी ओळंबा. फ्रेम स्टँडवर धरा, मागे उभं राहून एक डोळा मिटा आणि टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीवर सीट ट्यूब जुळवा. मग मान न हलवता नजर पुढे हेड ट्यूबवर न्या. तीही त्याच दोरीला समांतर दिसली पाहिजे. बांधकामावरचा गवंडी रोज हेच करतो, आपल्याला सायकलच्या बाबतीत सुचत नाही इतकंच.

उष्णता धातूला ओढते

फ्रेम वाकडी होते ती बहुतेक वेळा कारागिराच्या हातामुळे नाही, उष्णतेमुळे. वेल्डचा धातू थंड होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो. एका बाजूनं सलग वेल्ड मारत गेलं, तर पाइप त्या बाजूला झुकणारच. म्हणून आधी चार ठिकाणी टाके, मग समोरासमोरच्या बाजूंनी थोडं थोडं, मध्ये थंड होऊ देऊन. हा क्रम ज्याला तोंडपाठ आहे त्याच्या फ्रेमला नंतर वाकवून सरळ करावं लागत नाही, किंवा अगदी थोडं लागतं.

‘आमचं जिग परफेक्ट आहे’ हे ऐकून लोक निश्चिंत होतात. मला उलट शंका येते. जिग फ्रेमला धरून ठेवतं, आत साठलेला ताण दाबून ठेवतं. क्लॅम्प सोडले की फ्रेम आपल्या मनाप्रमाणे उघडते. म्हणून विचारायचं ते हे: जिगमधून काढल्यावर कशावर मोजता? सरफेस प्लेटवर (अगदी सपाट जाड पाट) बीबी शेलचं (पेडलचा आस बसतो ती आडवी नळी) फेस केलेलं, म्हणजे कापून सपाट केलेलं तोंड आधार धरून, असं उत्तर आलं तर खुर्ची ओढून बसा. समोरचा जिगचंच कौतुक करत राहिला तर चहा पिऊन निघा.

वेल्ड बघताना माशाच्या खवल्यांसारखी नक्षी बघून भुलू नका. वेल्डच्या कडेला पाइपमध्ये बारीक खाच पडली आहे का, तिथे नख अडकतं का, ते बघा. स्टील पातळ असतं, त्या खाचेतूनच पुढे तडा निघतो. टायटॅनियमच्या वेल्डला रंग बघायचा. चांदीसारखा किंवा फिकट पिवळसर चालेल. निळा, राखाडी किंवा वर पांढरी पूड दिसली तर आर्गॉन वायूचं संरक्षण कमी पडलं आणि तो जोड ठिसूळ झालाय.

ब्रेझिंगमध्ये (नळ्या न वितळवता दुसरा धातू वितळवून जोडण्यात) पितळ साधारण ९०० अंश सेल्सिअसला वाहतं, चांदीची सळई ६५० ते ७०० च्या आसपास. चांदीनं उष्णता कमी लागते म्हणून पाइप कमी हलतो, पण तिला फट अगदी बारीक लागते. पाइपचं फिशमाउथ (दुसऱ्या पाइपवर बसायला कापलेलं गोलाकार तोंड) नीट न घासता मोठी फट फिलरनं, म्हणजे जोडाच्या धातूनं बुजवणं ही सगळ्यांत स्वस्त लबाडी. टाके मारायच्या आधी दोन्ही पाइप हातानं जुळवायला सांगा आणि मागे मोबाइलचा टॉर्च धरा. उजेड दिसला तर पुन्हा घासा.

अॅल्युमिनियमबद्दल थोडक्यात: कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडून अॅल्युमिनियमची फ्रेम करून घेऊ नका. ६०६१-टी६ हा फ्रेमचा नेहमीचा अॅल्युमिनियम मिश्रधातू वेल्ड केला की जोडाजवळची ताकद जवळपास निम्म्यावर येते. ती परत आणायला अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंशांवर तापवून झटकन थंड करावी लागते, मग पुन्हा भट्टीत काही तास. तेवढी भट्टी आणि ते धरून ठेवणारं फिक्स्चर नसेल, तर तो खेळ नाही.

नळ्या, आट्या आणि माझा गाढवपणा

जाड पाइप म्हणजे मजबूत, हा समज आपल्याकडे गेटच्या कामातून आलाय. चांगल्या सायकलची नळी दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, उदाहरणार्थ ०.८, ०.५, ०.८ मिमी. जोडापाशी जाडी, मध्ये वजनाची बचत. आता कारागिरानं नळी कापताना दोन्ही टोकांचा हिशेब न करता एकाच बाजूनं कापली, तर एका जोडावर ०.५ चा भाग येतो. वरून काहीच दिसत नाही. कापायच्या आधी जाडी कुठे संपते त्याची पेननं खूण केलेली असली पाहिजे. ती खूण बघायला मागा, कोणी रागावत नाही.

आता माझी गोष्ट. मी मित्रासाठी केलेल्या पहिल्या फ्रेमला बीबी शेल उलटं ब्रेझ केलं. रोड सायकलचं बीएसए मापाचं शेल ६८ मिमी रुंद असतं आणि त्याच्या उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूला उलट्या आट्या असतात, पेडल मारता मारता कप (बेअरिंगची वाटी) सुटू नये म्हणून. मी घाईत डावी बाजू उजवीकडे केली. कळलं कधी? क्रँक (पेडलचा दांडा) बसवायला गेलो तेव्हा. फ्रेमच्या बाकी बहुतेक चुकांवर काही ना काही इलाज असतो, याला करवत. आता टाका मारायच्या आधी मी बोटांनी कप दोन आटे फिरवून बघतो. उजवा कप घड्याळाच्या उलट दिशेनं आत जायला हवा.

उलटं शेल क्वचित होतं. नेहमी होणारं म्हणजे आट्या तशाच सोडून देणं. उष्णतेनं शेल किंचित अंडाकृती होतं, दोन्ही तोंडं समांतर राहत नाहीत. वेल्डिंगनंतर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवणं, शेलची आणि हेड ट्यूबची तोंडं फेस करणं, सीट ट्यूबला आतून रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारणं हे काम पावतीवर वेगळं लिहिलंय का बघा. २७.२ मिमीची सीटपोस्ट हातानं दाबून खाली सरकली पाहिजे. हातोडी मारून जाणारी सीटपोस्ट वर्षभरात तिथेच जाम होते, विशेषतः आपल्या पावसाळ्यानंतर.

पावसाळ्यावरून आठवलं. स्टेच्या बंद नळ्यांना हवा जायला बारीक भोक लागतं. ते नसेल तर आतली तापलेली हवा शेवटचा जोड बंद करताना तिथूनच बाहेर उसळते आणि वेल्डमध्ये सुईएवढी भोकं पडतात. बीबी शेलच्या खालीही पाणी निघायला भोक हवं. मुळशीच्या पावसात दिवसभर चालवलेल्या सायकलची सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी केली की कपभर पाणी पडतं. स्टील आतून गंजतं, बाहेरचा पावडर कोट कितीही चकचकीत असो. आत मेणाचं गंजरोधक फवारून घ्या. आणि पावडर कोटवाल्याला आट्या झाकायला स्वतः उभं राहून सांगा.

कागदावरच्या चुका

‘माझी उंची पाच फूट सात’ एवढ्यावर फ्रेम सांगणारे आहेत. त्यांना काय म्हणणार. पण जाणकारसुद्धा एका ठिकाणी फसतात: चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. फ्रेमचं ड्रॉइंग एका लांबीच्या चिमट्यावर होतं आणि नंतर मिळाला म्हणून दुसराच बसवला जातो. चिमटा २० मिमी लांब झाला, तर हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) साधारण एक अंशानं पडतो. ३४० मिमी त्रिज्येचं चाक आणि ४५ मिमी ऑफसेट (हँडल वळतं त्या रेषेच्या पुढे चाकाचा आस असतो ते अंतर) धरला, तर ७३ अंशांना ट्रेल (ती रेषा जमिनीला टेकते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) येतो ५७ मिमी. ७२ ला तो ६३ होतो. कात्रज घाट उतरताना हे सहा मिमी मनगटाला कळतात. तेव्हा चिमटा आधी विकत घ्या आणि तोच वर्कशॉपमध्ये नेऊन द्या.

हबचंही तसंच. जुन्या रोड हबला १३० मिमी, जुन्या माउंटनच्या हबला १३५, रोडच्या थ्रू-अॅक्सलला (आरपार जाणारा जाड आस) १४२. मागची रुंदी आकड्यावर न ठेवता प्रत्यक्ष हब देऊन जुळवून घ्या. टायर तुम्ही ३२ मिमीचा सांगाल आणि दोन वर्षांनी ३८ घालाल, हे मी लिहून देतो, म्हणून जागा तेवढी आत्ताच ठेवा, वर मडगार्डची धरून.

सगळं नीट असूनही कुरकुर ऐकू येईल, तेव्हा लगेच फ्रेमवर बोट ठेवू नका. उभं राहून पेडल मारल्यावर आवाज थांबला तर सीटपोस्ट किंवा सीटचा क्लॅम्प. उभं राहूनही येत असेल तर पेडल, मग चेनरिंगचे बोल्ट, मग बीबी. एक एक काढा, पुसा, ग्रीस लावा, परत बसवा. हे सगळं करून आवाज राहिला आणि एखाद्या जोडापाशी रंगावर केसासारखी रेघ दिसली, जिच्या कडेला गंज उमटलाय, तर त्या दिवसापासून सायकल चालवू नका. फ्रेमच्या चाचणीच्या आयएसओ ४२१० या मानकात पेडलच्या जोराचे १,००,००० फेरे सहन करायचे असतात. एकट्यासाठी बनलेली फ्रेम त्या यंत्रावर सहसा कोणी चढवत नाही, कारण चाचणीनंतर ती फ्रेम गिऱ्हाइकाला देता येत नाही. ती परीक्षा तुमच्या पायाखालीच होत असते.

निळ्या फ्रेमचं पुढे काय झालं, हे मित्र अजून विचारतात. रंग उतरवला, मागचा त्रिकोण लाकडी दांडकं लावून वाकवला. स्टील असल्यामुळे दोरीचा फरक ५ वरून एकावर आला. मग ओळंबा लावला, तर हेड ट्यूबला पीळ. तो निघेना. वर्कशॉपनं रंगाचे पैसे परत दिले, फ्रेमचे नाहीत. आता ती बाल्कनीत ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) बसवली आहे. तिथे हात सोडले तरी कुठे जात नाही.