टर्बो पेट्रोलवर काम शिकायचंय? गोव्यातल्या डिचोलीच्या एका मेकॅनिकचा अनुभव

आयटीआय संपत आलेली दोन-तीन पोरं दर वर्षी आमच्या गॅरेजात येऊन विचारतात, की दादा टर्बो पेट्रोल शिकायचंय, कुठून सुरू करू. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगताना अर्धं राहून जातं म्हणून एकदाच नीट लिहितोय. मी स्वतः दहावीनंतर मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड केला, अप्रेंटिसशिप केली आणि सुरुवातीची चार-पाच वर्षं फक्त डिझेल गाड्यांवर हात काळे केले. तेव्हा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, म्हटलं की डिझेलच. मग २०२० च्या एप्रिलला बीएस-६ हा प्रदूषणाचा कडक नियम आला, मारुतीने डिझेल बंद केलं, फोक्सवॅगन-स्कोडानेही इथे बंद केलं, आणि त्या जागी छोटी टर्बो पेट्रोल इंजिनं आली. त्यातल्या सुरुवातीच्या गाड्या आता वॉरंटीतून बाहेर पडल्यात आणि डिचोली, साखळी, म्हापशाच्या आपल्यासारख्या गॅरेजात येतायत. म्हणून म्हणतो, शिकायला हीच वेळ चांगली आहे.

पहिली गोष्ट स्पेसिफिकेशनची. नवीन पोरगा ब्रोशर बघतो आणि पीएस (इंजिनची ताकद) किती तेवढंच लक्षात ठेवतो, पण आपल्याला त्याच्या शेजारचा आरपीएम (मिनिटाला फेरे) वाचायचा असतो. ह्युंदाईचं १.० टर्बो घ्या, ९९८ सीसी, १२० पीएस ६००० आरपीएमला, आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १७२ एनएम तो १५०० पासून ४००० पर्यंत सपाट. त्यांचंच साधं १.२ पेट्रोल ८३ पीएसचं, टॉर्क साधारण ११४ आणि तोही ४००० ला. आता एक हिशोब वहीत लिहून ठेवा, टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२४ म्हणजे त्या क्षणाला मिळणारे पीएस. १५०० वर टर्बोचे होतात जवळपास ३७, आणि साध्या इंजिनाला त्याचा सगळा टॉर्क तिथेच मिळाला असं धरलं (जो मिळत नाही) तरी २४. चोर्ला घाट चढताना एक गाडी तिसऱ्यावर आरामात जाते आणि दुसरीला खाली गिअर टाकावा लागतो ते यामुळे. नेक्सॉनचं १.२ घ्या, १२० पीएस आणि १७० एनएम १७५० ते ४०००, किंवा स्कोडा-फोक्सवॅगनचं १.० टीएसआय ११५ पीएस आणि १७८ एनएम, सगळ्यांचा नकाशा असाच दिसेल. आणि ही इंजिनं १२०० सीसीच्या आतच का, तर चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन यांना टॅक्स कमी लागतो, म्हणून इंजिन छोटं ठेवून हवा जास्त कोंबायची.

हवा कोंबायची म्हणजे उष्णता आली, आणि सगळी गोम तिथे आहे. डिझेलवरून आलेल्या माणसाला हे पटकन कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. पेट्रोल टर्बोच्या टर्बाइनपाशी पूर्ण लोडवर साडेनऊशे ते हजार अंश सेल्सिअसपर्यंतचा एक्झॉस्ट येतो, डिझेलपेक्षा बराच जास्त, आणि शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे मारतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो शाफ्ट बॉल बेअरिंगवर नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं तर अर्धं काम शिकून झालं, कारण आता टर्बो कशाने जातो ते तुमचं तुम्हालाच कळेल. ऑइल कमी पडलं, घाण झालं, उशिरा पोचलं, की शाफ्ट धातूवर घासला.

माझी पहिली मोठी चूक सांगतो, कारण ही चूक आजही सगळीकडे होते. पावसाळ्याचे दिवस, एक गाडी बेळगावहून येताना घाटात पिकअप सोडून आली, इंजिनची लाइट लागलेली. स्कॅनर लावला तर पी०२९९, म्हणजे बूस्ट, टर्बोने कोंबलेल्या हवेचं प्रेशर, कमी. मी तेव्हा ज्या वर्कशॉपला होतो तिथे सगळ्यांचं एकच मत, टर्बो गेला. मी पण इनटेकचा पाईप काढून बोटाने शाफ्ट हलवून बघितला, आडवा थोडा हलला, आणि मी पण मान डोलावली. ग्राहक म्हणजे एक निवृत्त मास्तर, त्यांनी मुलाला फोन लावून पैशांची सोय केली, नवीन टर्बो आला, बसवला, मी ट्रायलला घेऊन गेलो आणि पर्वरीच्या चढावर तीच लाइट तोच कोड. परत आलो, गाडी लिफ्टवर घेतली आणि इंटरकूलरकडे (कोंबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी होजवरून सगळीकडे अंगठा फिरवत गेलो, तर क्लॅम्पच्या मागे खालच्या बाजूला नखाएवढी चीर. नुसती बघितली तर मिटलेली, होज वाकवला की तोंड उघडायची. बूस्ट आला की हवा तिथून बाहेर. होजची किंमत टर्बोच्या पुढे काहीच नव्हती. मास्तरांचा चेहरा मला अजून आठवतो, ते काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तर ऑइलवर तरंगणाऱ्या शाफ्टला आडवा थोडा खेळ असतोच, ऑइल नसताना बोटाने हलवला तर जाणवणारच. बघायचं हे की व्हील हाउसिंगला घासलंय का, पात्यांच्या टोकांना चकचकीत खरचटल्याच्या खुणा आहेत का, आणि शाफ्ट पुढे-मागे, म्हणजे लांबीच्या दिशेने हलतोय का. तसा हलला तर मात्र बेअरिंग गेलं. आणि पी०२९९ आला की टर्बोला हात लावायच्या आधी होज, क्लॅम्प, इंटरकूलर, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (जास्तीची कोंबलेली हवा सोडणारा), वेस्टगेटचा (टर्बाइनला चुकवून एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेचा) अ‍ॅक्च्युएटर, एअर फिल्टर, त्यांचे कनेक्टर, हे सगळं बघून संपवायचं. स्मोक मशीन असेल तर उत्तम, नसेल तर कमी प्रेशरची हवा सोडून साबणाचं पाणी मारा, बुडबुडा खोटं बोलत नाही.

लाइव्ह डेटा वाचायला शिका, कोड वाचता येणं म्हणजे काम येणं नव्हे. मॅप सेन्सरचं (इनटेकमधल्या हवेचं प्रेशर मोजणारा) रीडिंग किलोपास्कलमध्ये येतं आणि ते अ‍ॅब्सोल्यूट असतं, म्हणजे बाहेरच्या हवेचं प्रेशर धरून, इथे बरीच पोरं गोंधळतात. इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन केली तर सेन्सर बाहेरच्या हवेचं प्रेशर दाखवणार, आपण समुद्राला लागून म्हणून म्हापशात पणजीत १०० ते १०१ आलं पाहिजे. तीच गाडी बेळगावला नेली तर ९२-९३ दिसेल, सेन्सर खराब नाही, गाव उंचावर आहे. आयडलला ३०-४० च्या आसपास, आणि चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की १८०-२०० कडे जातं, म्हणजे खरा बूस्ट त्यातून १०० वजा करून. हे आकडे गाडीप्रमाणे बदलतात, म्हणून चांगल्या चालणाऱ्या गाड्यांचे रीडिंग मी वहीत लिहून ठेवत गेलो आणि ती वही आज माझ्या स्कॅनरपेक्षा जास्त कामाला येते.

आता ऑइलचा किस्सा. कळंगुटकडची एक भाड्याची गाडी, काळी नंबरप्लेट, पिवळी अक्षरं, सायलेन्सरमधून निळा धूर. मालकाने तीन महिन्यांपूर्वी दुसरीकडे टर्बो बदलून घेतलेला आणि तो पण गेला, माणूस रडकुंडीला आलेला, सीझन तोंडावर. ऑइल फिलरचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला काळा चिखल, बोटाने निपटून काढावा असा. डिपस्टिकच्या टोकाला जेमतेम ऑइल आणि त्याला पेट्रोलचा वास. टर्बोची फीड लाइन (ऑइल पोचवणारी नळी) सोडवून तोंडाने फुंकून बघितलं तर हवा पलीकडे जाईना. मग चेंबर (इंजिनच्या खालचं ऑइलचं भांडं) उतरवला, स्ट्रेनरची, म्हणजे ऑइल गाळणारी, जाळी अर्ध्याहून जास्त बंद. म्हणजे नवीन टर्बो पहिल्या दिवसापासूनच उपाशी होता. गाडी किलोमीटरने जास्त चाललेली नव्हती, म्हणून मालकाला वाटायचं सर्व्हिसला वेळ आहे, पण ती चालायची कशी तर हॉटेल ते बीच, बीच ते हॉटेल, ट्रॅफिकमध्ये एसी लावून तासभर उभी. इंजिन तापायच्या आत बंद, न जळालेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आयडलचे तास मीटरवर दिसत नाहीत. अशा गाडीला ऑइल बदलायला दहा हजार किलोमीटरची वाट बघू नका, मी पाच-सहा हजार नाहीतर सहा महिने सांगतो.

टर्बो खरंच बदलायचा असेल तर फीड लाइन नवीन घ्या, रिटर्न लाइन मोकळी बघा, स्ट्रेनर धुवा, ऑइल-फिल्टर बदला, रिटर्नच्या फ्लॅंजला सिलिकॉन फासू नका कारण त्याचा तुकडा सुटून ऑइलची वाट अडवतो. बसवताना टर्बोत स्वच्छ ऑइल ओतून व्हील हाताने फिरवा आणि इंजेक्शन बंद ठेवून थोडं क्रँक करा, ऑइल वर पोचू दे, मग स्टार्ट. स्टार्ट केल्या केल्या रेस मारायची हौस आवरा.

ऑइलच्या डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-३० की ०डब्ल्यू-२० एवढंच वाचू नका, एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाची खूण) आहे का बघा, आणि मॅन्युअलमध्ये कंपनीने स्वतःचं अप्रूव्हल दिलेलं असेल तर तेच घ्या. एसपी ग्रेड २०२० मध्ये आला आणि त्यात एलएसपीआयची टेस्ट आहे. एलएसपीआय म्हणजे कमी आरपीएमवर जास्त लोड असताना ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटणं, एका ठोक्यात पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते. माणसं टर्बोचा टॉर्क आहे म्हणून वरच्या गिअरवर १२००-१३०० ला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात, हे ग्राहकाला समजावून सांगणं हा पण आपल्या कामाचाच भाग आहे. तसंच घाट चढून आल्यावर अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवून मग बंद करा, हेही सांगा. नवीन गाड्यांत टर्बोला पाण्याचं कूलिंग असतं, काहींत इंजिन बंद झाल्यावर पण पंप चालतो, तरी ही सवय चांगलीच.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या, इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे कार्बन साचतो, सकाळी गाडी मिसफायर करत उठते. टाकीत क्लीनर ओतून तो जात नाही, मॅनिफोल्ड काढूनच साफ करावा लागतो.

आपल्या भागातलं एक खास. उसगाव, साखळी, पाळीकडे खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आहे, तिथल्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरवर सोडू नका. फिल्टरच्या कडेने धूळ आत गेली की टर्बोच्या कंप्रेसरच्या (हवा कोंबणारी बाजू) पात्यांच्या कडा बोथट होतात, मी हातात घेऊन बघितल्यात. किनाऱ्याकडच्या गाड्यांत उलटं, खाऱ्या हवेने इंटरकूलरची पातळ पत्री पांढरी पडून झडते आणि कनेक्टरच्या पिनांना हिरवं चढतं. पावसाळ्यात उंदीर वायरिंग खातात ते वेगळंच.

ही इंजिनं टिकतात का, असं मला सगळेच विचारतात. माझ्या हाताखालून लाखभर किलोमीटर पार केलेल्या आणि अजून पहिल्याच टर्बोवर असलेल्या गाड्या गेल्यात, त्यांची सर्व्हिस हिस्टरी बघितली तर ऑइल वेळेवर, एवढंच सापडतं. साध्या इंजिनाइतकी हयगय ती सहन करत नाहीत हे मात्र खरं, आणि ते मी ग्राहकाला गाडी घ्यायच्या आधीच सांगतो.

शिकायला यायचं असेल तर मल्टिमीटर स्वतःचा घ्या, टॉर्क रेंच वापरायची लाज बाळगू नका, वायरिंग डायग्राम वाचायची रोज सवय करा. पहिल्या वर्षी पैसे कमीच मिळतील, घरच्यांना तशी कल्पना देऊन या. आमच्याकडे यायचं तर चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर या, आधीचा महिनाभर सगळ्यांनाच गावी जायला गाडी तयार पाहिजे असते, तेव्हा एकेक होज उलटून दाखवायला मला वेळ नसतो.