संकेतस्थळ संथ झाले आणि लॉगिन टिकेना, तर काय तपासावे

सोलापुरातील यंत्रमागधारकांचा संघ, वाचनालय किंवा ज्ञातिसंस्था यांचे संकेतस्थळ बहुधा एखादा सभासद आपली नोकरी सांभाळून चालवतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सभासदांची वर्दळ वाढली की त्याच्याकडे दोन तक्रारी येतात : साइट फार हळू उघडते आणि पुन्हापुन्हा लॉगिन करावे लागते. या दोन्हींचे मूळ पुष्कळदा सेशनमध्येच, म्हणजे लॉगिन केलेल्या सभासदाची ओळख लक्षात ठेवणाऱ्या सर्व्हरवरील तात्पुरत्या नोंदीतच असते. म्हणून मोठ्या सर्व्हरसाठी वर्गणी गोळा करण्यापूर्वी सेशनची तपासणी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रथम एकच पान लॉगिन करून आणि इनकॉग्निटो (खासगी) खिडकीत लॉगिन न करता उघडावे. संगणकावर एफ१२ दाबून नेटवर्क या भागात सर्व्हरचे पहिले उत्तर येण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. उत्तर लगेच येऊन पान मात्र रेंगाळत असेल, तर मोबाइलवरून जसेच्या तसे चढवलेले मोठे फोटो लहान करावेत. दोन्ही खिडक्यांत उत्तरालाच उशीर होत असेल, तर डेटाबेसकडे वळावे. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीतील संथ क्वेरींची, म्हणजे माहिती मागणाऱ्या आज्ञांची, नोंद मुळात बंद असते आणि तिची मर्यादा १० सेकंदांची असते, म्हणजे त्याहून जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरीच नोंदल्या जातात. ती नोंद सुरू करून मर्यादा १ सेकंदावर आणल्यास इंडेक्स (माहिती लवकर शोधून देणारी सूची) कोठे हवा ते बहुतेक वेळा समजते.

केवळ लॉगिन केलेल्यांनाच साइट संथ वाटत असेल, तर पीएचपी या साइटच्या प्रोग्रॅमिंग भाषेचे सेशन-लॉक तपासावे. सेशन फाइलमध्ये साठवले जात असेल, तर एका सभासदाची एक विनंती पूर्ण होईपर्यंत ती फाइल कुलूपबंद राहते आणि त्याच सभासदाच्या पुढच्या विनंत्या मागे खोळंबतात. सेशनमधील माहिती वाचून व लिहून झाल्याबरोबर, जड काम सुरू होण्याआधीच, सेशनची फाइल बंद करून कुलूप सोडण्याची सूचना कोडमध्ये द्यावी. एवढ्या एका ओळीने पडणारा फरक मोठा असतो.

लॉगिन टिकत नसल्यास मुदत पाहावी. पीएचपीत निष्क्रिय सेशनची मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे असते. वधू-वर परिचयाचा लांबलचक अर्ज भरणाऱ्या वडीलधाऱ्यांना ती सहज अपुरी पडते. मुदत वाढवूनही उपयोग झाला नाही, तर सेशनच्या फाइली सामायिक फोल्डरमध्ये आहेत का ते पाहावे, कारण तेथे दुसऱ्या साइटची कमी मुदत आपल्याही फाइली पुसू शकते. आपल्या साइटसाठी वेगळे फोल्डर करावे. मात्र ते बाहेरून ब्राउझरमध्ये उघडता येईल अशा जागी नसावे. सर्व्हरची डिस्क भरली असेल, तर योग्य पासवर्ड देऊनही सेशन लिहिले न गेल्याने लॉगिनचेच पान परत येऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

पत्त्याच्या आरंभी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले आणि नसलेले असे दोन्ही पत्ते चालू असतील, तर एकावरची कुकी (ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण) दुसऱ्यावर चालेलच असे नाही. सर्वांना एकाच पत्त्यावर वळवावे. काही प्रणाली सेशन आयपी पत्त्याशी, म्हणजे इंटरनेट-जोडणीच्या क्रमांकाशी, बांधतात. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालेल्या सभासदाचा मोबाइल डेटावरील आयपी वाटेत बदलू शकतो आणि त्याची काही चूक नसताना तो बाहेर फेकला जातो. सामाजिक संस्थेच्या साइटवर ही अट काढून टाकावी, असे माझे मत आहे.

वेग वाढवण्यासाठी कॅश, म्हणजे तयार पानांच्या प्रती साठवून तीच पुन्हा दाखवणारी सोय, बसवताना मात्र अत्यंत सावध राहावे. लॉगिन केलेल्या सभासदाचे पान चुकून कॅशमध्ये गेले, तर त्याचे नाव व मोबाइल क्रमांक दुसऱ्याच व्यक्तीला दिसतो. अशी एकही तक्रार आली, तर कॅश त्याच क्षणी बंद करून रिकामी करावी, सर्व सेशन रद्द करावीत आणि ज्यांची माहिती उघड झाली असेल त्यांना तसे कळवावे. वेगाची दुरुस्ती त्यानंतर हाती घ्यावी.