थायलंडला इंग्रजी शिकवायला जायचंय? खान्देशातल्या पोरापोरींसाठी सगळं सविस्तर

गेल्या सुट्टीत घरी आले तेव्हा गल्लीतल्या, कॉलेजातल्या, मावशीच्या नणंदेच्या अशा कितीतरी मुलामुलींनी एकच विचारलं की ताई तिकडे शिकवायला जायचं तर काय काय करावं लागतं, आणि प्रत्येकीला फोनवर अर्धा तास सांगून शेवटी काहीतरी राहूनच जातं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. माझं गाव चोपडा तालुक्यातलं, घरी केळी आणि कापूस, शिक्षण मराठी माध्यमात, घरात बोलणं अहिराणी. आणि आज मी थायलंडच्या ईशान्य भागात सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. त्या भागाला तिकडे ईसान म्हणतात, म्हणजे आपला ईशान्यच. तेव्हा 'आपलं इंग्रजी गावठी, आपल्याला कोण घेणार' हे आधी डोक्यातून काढा.

पण कागद मात्र पक्के पाहिजेत. इथेच आपली पोरं अडकतात.

पहिलं म्हणजे नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, पासपोर्टवर वेगळाच क्रम, एखाद्या ठिकाणी वडिलांचं नाव गाळलेलं, मुलींचं लग्न झालं असेल तर अजून वेगळं, आणि तिकडच्या ऑफिसातल्या बाईला हे सगळे तीन वेगळे लोक वाटतात, तिची चूक नाही. म्हणून दहावीपासून डिग्रीपर्यंत सगळे कागद एका रात्री बसून शेजारी शेजारी मांडा आणि स्पेलिंगचं एकेक अक्षर जुळवा, आणि जिथे फरक असेल तिथे इथे असतानाच दुरुस्ती किंवा अॅफिडेव्हिट करून घ्या. ज्यांची डिग्री २०१८ च्या आधीची आहे त्यांच्यासाठी अजून एक, आपलं विद्यापीठ १९९० पासून 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' होतं आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं, त्यामुळे डिग्रीवर एक नाव आणि नवीन ट्रान्सक्रिप्टवर दुसरं असं होऊ शकतं, दोन्ही एकच विद्यापीठ आहे असं पत्र विद्यापीठाकडून मागून ठेवा. एका पत्राने आठवडे वाचतात.

दुसरं, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, ते पासपोर्ट सेवाच्या साइटवरूनच अर्ज करून मिळतं. तिसरं, डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे डिग्री खरी आहे असा सरकारी शिक्का. आणि चौथं, इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर. इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या यादीत भारत धरत नाहीत त्यामुळे आपल्याकडे टोइक किंवा आयईएलटीएस असा स्कोअर मागतात, टोइकचे ६०० मार्क साधारण धरून चला, आणि ते आपल्याला जमतात, दोन-तीन महिने रोज ऐकायची प्रॅक्टिस केली की झालं.

व्हिसाचं नीट ऐका. काम करायचं तर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि त्यावर वर्क परमिट, दोन्ही पाहिजे. टुरिस्ट म्हणून उतरायचं आणि मग बघू असं सांगणारे एजंट भेटतील, त्यांचं ऐकू नका, टुरिस्ट म्हणून गेलेल्याला तिथे एक तासही शिकवायची परवानगी नसते. माझ्या पहिल्या ठिकाणी वर्क परमिट 'होईल, होईल' म्हणत मला थांबवून ठेवलं आणि तोपर्यंत वर्गावर जा म्हणाले, मी नाही गेले, आणि ती नोकरी सोडून दुसरी शोधली. तेव्हा पैसे संपत आले होते, रात्री झोप लागायची नाही, पण आज वाटतं तोच निर्णय बरोबर होता कारण पकडलं तर शाळेला दंड होईल न होईल, आपल्या पासपोर्टवर शिक्का बसतो. शिक्षकाच्या लायसनचं काम तिकडची टीचर्स कौन्सिल बघते, तिला खुरुसफा म्हणतात. पूर्ण लायसन नसेल तर शाळा तुमच्यासाठी तात्पुरती परवानगी काढते.

करार वाचताना पगाराच्या आकड्याआधी पगार किती महिन्यांचा ते बघा. काही ठिकाणी १२ महिने देतात, काही ठिकाणी मोठ्या सुट्टीचे पैसेच देत नाहीत. राहायची खोली कोणाची, डिपॉझिट किती, परत कधी मिळणार, हे कागदावर.

तिकडे पोचल्यावर घरमालकाला तुम्ही राहायला आल्याची माहिती इमिग्रेशनला द्यावी लागते, ती त्याने दिली का ते विचारा. आणि दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो, मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. अजून एक गंमतीचं पण कामाचं, तिकडे बुद्ध सन चालतो, आपल्या सनात ५४३ मिळवायचे, म्हणजे २०२६ हे तिकडे २५६९. दुधाच्या पिशवीवर ६९ दिसलं की घाबरायचं नाही, आणि फॉर्म भरताना कुठला सन लिहायचा ते विचारूनच लिहायचं.

आता भाषा, हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय.

पहिल्या आठवड्यात शाळेच्या स्वयंपाकवाल्या मावशी रोज सकाळी मला काहीतरी विचारायच्या, 'किन खाओ रू यांग?' मला वाटलं काही काम सांगताहेत. मग एका मॅडमने अर्थ सांगितला की त्या विचारताहेत, भात खाल्ला का, जेवली का. म्हणजे आपल्या गल्लीतलं 'जेवन व्हयनं का' तेच की! त्या दिवशी मी खोलीवर जाऊन आईला फोन करून हे सांगितलं आणि आम्ही दोघी हसत होतो आणि रडत पण होतो.

थाई भाषेत संस्कृत-पालीतून गेलेले शब्द पोतंभर आहेत, फक्त उच्चार बदललेत. प्राथमिकला प्रथोम म्हणतात, माध्यमिकला मत्थयोम, भाषेला फासा, आहाराला आहान, शिक्षकाला ख्रू म्हणजे आपला गुरू. गाडीला रोत म्हणजे रथ, आणि फाय म्हणजे आग, म्हणून रेल्वेला म्हणतात रोत-फाय. भुसावळच्या माणसाला आगगाडी वेगळी सांगायला लागत नाही. रोज असे पाच शब्द वहीत लिहा, महिन्याभरात बाजारहाट करता येतो. सूर मात्र पाच आहेत आणि सूर चुकला की शब्द बदलतो, त्यासाठी पोरांनाच गुरू करा, त्यांना फार आवडतं.

आणि एका ठिकाणी तर आपण गोऱ्या शिक्षकांच्या पुढे आहोत. थाईमध्ये क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे आपल्यासारखेच वेगवेगळे आहेत. 'कै' म्हणजे कोंबडी आणि 'खै' म्हणजे अंडं. इंग्लंड-अमेरिकेच्या माणसाच्या कानाला हा फरक लवकर सापडत नाही, आपल्याला पहिल्या दिवशी ऐकू येतो. आमचं घर माळकरी असल्यामुळे हे दोन्ही शब्द ओळखता येणं माझ्या किती कामाचं ते सांगायला नको.

वर्गात ४०-४५ पोरं असतात. आत गेलं की सगळे उभे राहून एका सुरात गुड मॉर्निंग टीचर, हाऊ आर यू विचारलं की एका सुरात आय एम फाइन थँक्यू अँड यू, अगदी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेसारखं. हजेरी टोपणनावाने घ्या, तिकडे प्रत्येकाला टोपणनाव असतंच, आईस, मिंट, बँक, बॉल, कारण खरी नावं लांबलचक असतात.

शिकवताना कुठे अडतं ते आधीच माहीत करून घ्या. थाईत शब्दाच्या शेवटी ल टिकत नाही, त्याचा न होतो, हॉटेलचं होतेन आणि स्कूलचं सकून. शेवटचा स पण टिकत नाही, बसची बत होते. माझ्या वर्गात प्रथोम ५ ची एक मुलगी होती, वाचायला पहिली, पण स्कूल म्हणताना दर वेळी सकून, आणि बाकीची हसली की गप्प बसायची. मग मी माझ्या आजीची गोष्ट सांगितली, आजी कधीच स्टेशन म्हणाली नाही, ती इस्टेशन म्हणायची, कारण जिभेला दोन जोडलेली अक्षरं सुरुवातीलाच जड जातात, तिच्या जिभेने पुढे इ लावला, तुझ्या जिभेने मध्ये अ घातला, दोघींनी आपापली वाट काढली. मग तिला सांगितलं की आधी नुसता स सापासारखा लांब ओढ, स्स्स्स, आणि श्वास न तोडता कूल म्हण, आणि शेवटी जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकव आणि तिथेच राहू दे, काढू नकोस. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आरशात स्वतःच्या. तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडून स्कूल निघालं तेव्हा मागच्या बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे मला सांगता आलं कारण मी पण इंग्रजी शिकूनच बोलते. ज्याची ती आईची भाषा आहे त्याला जीभ कुठे ठेवायची हे कधी कोणी सांगितलेलं नसतं. आपले पण काही आवाज आहेत ते मात्र घासायचे. आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला एकच व वापरतो, थाईत तर व्ही नाहीच, म्हणजे आपण सुधारलं नाही तर पोरांना फरक कळणारच नाही. व्हीला खालच्या ओठावर दात, डब्ल्यूला ओठ गोल. थँक्यूचा थ म्हणताना जीभ दातांच्या मध्ये आणायची, आपल्या थालीपिठाचा थ नाही. जायच्या आधी दोन महिने रोज दहा मिनिटं आरशासमोर हे करा.

खाण्याचं. मांसाहारी असाल तर काही प्रश्न नाही. शाकाहारी असाल तर दोन शब्द पाठ करा. 'जे' लिहिलेली पिवळी झेंडी दिसली की तिथे मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नाही. दुसरा शब्द मांगसविरात, फोड केली की मांस-विरती, म्हणजे साधं शाकाहारी. तरी भाजीत माशाचं पाणी पडतं, त्याला नाम प्ला म्हणतात, म्हणून दर वेळी 'माय साय नाम प्ला' म्हणजे नाम प्ला घालू नका असं सांगायचं. तिखटाचं आपल्याला कौतुकच, ईसानमधलं तिखट आपल्या ठेच्याच्या तोडीचं असतं.

आणि भरीत होतं बरं का तिकडे! बाजारात लांब हिरवी वांगी मिळतात, मखुआ याव म्हणतात, आपल्या भरताच्या वांग्याइतकी मोठी नाहीत पण गर गोड आणि बिया कमी. कोळशाची मातीची शेगडी पण मिळते. त्यावर साल काळी होईपर्यंत भाजायची, देठ धरून सोलायची. आपल्याकडे बडगीत ठेचतात, ईसानमध्ये घरोघरी मातीचा खल आणि लाकडी मुसळी असते, पपईचं सॅलड त्यातच कुटतात, तर मी हिरवी मिरची, लसूण, मीठ त्यात ठेचते, वर वांगं, मग तेलात दाणे आणि कांद्याची पात परतून घालते, कोथिंबीर भरपूर. कळण्याचं पीठ घरून दोन किलो नेते आणि फ्रीजरमध्ये ठेवते, ते संपलं की तिकडच्या चिकट भाताबरोबर खायचं, चांगलं लागतं. घरून न्यायचं ते पीठ, काळा मसाला, बिबडे, बाकी काही नको. केळी तर विचारूच नका, तिकडे कितीतरी जातीची मिळतात, दुकानात एकेक सुटं केळं प्लास्टिकमध्ये घालून विकतात, माझ्या वडिलांना तो फोटो पाठवला तर त्यांनी आधी भाव विचारला.

रीतीभातीचं थोडक्यात. सकाळी ८ ला आणि संध्याकाळी ६ ला राष्ट्रगीत लागतं, बाजारात असलात तरी थांबून उभं राहायचं. नमस्काराला वाय म्हणतात, मुलं आधी करतात, आपण मान झुकवून स्वीकारायचा. आपण लाडाने पोराच्या डोक्यावर हात फिरवतो, ते तिकडे करू नका, डोकं पवित्र मानतात, आणि पाय कोणाकडे करून बसू नका. राजघराण्याबद्दल हलकं बोलायचं नाही, कायदा फार कडक आहे. जून महिन्यात शाळेत वाय ख्रूचा कार्यक्रम असतो, आपल्या गुरुपौर्णिमेसारखा, मुलं गुडघ्यावर येऊन फुलं देतात, त्या दिवशी चांगले कपडे घाला आणि रुमाल जवळ ठेवा.

स्कूटर घेणार असाल तर जायच्या आधी आरटीओमधून इंटरनॅशनल परमिट काढा, त्यात टू-व्हीलर आहे ना ते बघा, नाहीतर अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करतो. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात तेवढं बरं आहे. हेल्मेट रोज.

घरी फोन करायला तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे तिकडे साडेसात वाजले की इथे सहा, आई मोकळी असते.

सुट्ट्यांचं गणित असं बसतं. शाळा मेच्या मध्यात सुरू होतात, ऑक्टोबरमध्ये साधारण तीन आठवडे सुट्टी, मग मार्चपर्यंत दुसरं सत्र. दिवाळी कधी त्या सुट्टीत येते, कधी हुकते. कानबाईला यायला जमत नाही, श्रावणात शाळा भरात असते, मी व्हिडिओ कॉलवर आरती बघते. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हमखास मिळते कारण एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत तिकडे मोठी सुट्टी असते. फक्त निघायच्या आधी री-एंट्री परमिट काढायचं विसरू नका, ते न काढता देशाबाहेर पडलात तर व्हिसा तिथेच संपतो आणि सगळी कागदपत्रं पहिल्यापासून करावी लागतात. एका वेळेचं १००० बाथ आणि कितीही वेळा जायचं-यायचं असेल तर ३८०० बाथ. इमिग्रेशन ऑफिसात मिळतं, बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरही मिळतं पण तिथे रांग असली तर जीव टांगणीला लागतो, म्हणून मी तिकीट काढलं की दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन ते काम उरकते आणि मगच आईला सांगते की झोका बांधून ठेव.