उच्च न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायमूर्तींची कारकीर्द कशी लिहावी

वकील संघाची स्मरणिका निघायची असली किंवा न्यायमूर्तींच्या निरोपाचा कार्यक्रम ठरला, की त्यांचा परिचय लिहिण्याचे काम बहुधा एखाद्या तरुण वकिलाच्या गळ्यात पडते. जन्म, शिक्षण, सनद, नियुक्ती आणि शेवटी 'मनमिळाऊ स्वभाव' एवढ्यावर तो दोन पाने भरून मोकळा होतो. ज्यांनी वर्षानुवर्षे अपिले ऐकली, त्यांनी त्या अपिलांत काय ठरवले आणि कोणत्या अधिकारात ठरवले, याचा त्यात पत्ताच नसतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात असे काम ज्यांच्याकडे येईल, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

सुरुवात तारखांपासून करावी आणि प्रत्येक तारखेपुढे ती कशाची, हे लिहून ठेवावे. वकिलांमधून आलेल्या न्यायाधीशाच्या कागदपत्रांत निदान तीन तारखा सापडतात: सनद मिळाल्याची, अतिरिक्त न्यायाधीश म्हणून शपथ घेतल्याची आणि कायम झाल्याची. संविधानाच्या अनुच्छेद २१७ प्रमाणे उच्च न्यायालयात नेमणूक होण्यासाठी दहा वर्षांची वकिली किंवा तितकीच न्यायिक सेवा लागते. अनुच्छेद २२४ खालची अतिरिक्त नियुक्ती मात्र एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची नसते. न्यायमूर्ती भूषण गवई १४ नोव्हेंबर २००३ रोजी अतिरिक्त न्यायाधीश झाले आणि १२ नोव्हेंबर २००५ रोजी कायम झाले. त्यांची कारकीर्द मोजायची ती पहिल्या तारखेपासून. एका स्मरणिकेसाठी लिहिताना मी स्वतः कायम होण्याची तारीखच नियुक्तीची म्हणून छापून टाकली होती. ज्यांच्याविषयी तो मजकूर होता, त्या निवृत्त न्यायमूर्तींनी अंक परत पाठवला, तेव्हा समासात पेन्सिलीने एवढेच लिहिलेले होते: 'माझी दोन वर्षे कुठे गेली?' तेव्हापासून मी प्रत्येक तारीख अधिसूचनेशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही.

निवृत्तीची तारीख तपासायला एक सोपी पडताळणी आहे. उच्च न्यायालयात ६२ वर्षे आणि सर्वोच्च न्यायालयात ६५ वर्षे ही वयोमर्यादा असल्यामुळे वाढदिवसाचा आदला दिवस हा पदावरचा शेवटचा दिवस ठरतो. नागपुरात २४ एप्रिल १९५६ रोजी जन्मलेले न्यायमूर्ती शरद बोबडे २३ एप्रिल २०२१ रोजी सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले. हिशेब जुळत नसेल, तर जन्मतारीख चुकलेली असते किंवा राजीनामा, मुदतपूर्व निवृत्ती असे काही घडलेले असते आणि तेही लिहायलाच हवे.

नागपूरकराला यापुढे आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण इथे न्यायाधीश जागचे न हलताही न्यायालयाचे नाव बदलले आहे. जानेवारी १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि विदर्भ मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आला. न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला यांनी १९३० मध्ये नागपुरात वकिली सुरू केली, १९४३ मध्ये ते महाधिवक्ता झाले, १९४६ मध्ये न्यायाधीश आणि १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. पुनर्रचनेनंतर ते मध्य प्रदेशाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि डिसेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांना 'नागपूर खंडपीठाचे न्यायाधीश' म्हणणारे लेख माझ्या वाचनात आले आहेत; तो उल्लेख सपशेल चूक आहे. बदल्यांचेही तसेच. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर मुंबईहून मद्रासला, तेथून उत्तरांचल आणि कलकत्ता येथे मुख्य न्यायाधीश म्हणून आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले. अशा वेळी प्रत्येक टप्प्याचे निकाल त्या त्या न्यायालयाच्या अहवालांत शोधावे लागतात.

आता निकालपत्रे, म्हणजे या कामाचा खरा गाभा. जुन्या काळासाठी आय.एल.आर. (इंडियन लॉ रिपोर्ट्स) या निकालसंग्रहाची नागपूर मालिका आणि ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर) या निकालसंग्रहाचा नागपूर विभाग बार लायब्ररीत बसून चाळावा, ए.आय.आर.चे कार्यालय आपल्याच शहरात असल्याने नागपूरकरांना त्या जाड खंडांचे अप्रूप उरलेले नाही, ही गोष्ट वेगळी. निकालपत्राचे पहिले पान सावकाश वाचावे. वर प्रकरणाचा प्रकार आणि क्रमांक, खाली न्यायासन म्हणजे प्रकरण ऐकणाऱ्या न्यायाधीशांची नावे, मग निकाल राखून ठेवल्याची आणि दिल्याची तारीख. प्रकार 'प्रथम अपील' असेल, तर न्यायाधीशांनी साक्षीपुरावा नव्याने तोललेला असतो. 'द्वितीय अपील' असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे त्यांचे काम कायद्याच्या महत्त्वपूर्ण प्रश्नापुरते मर्यादित असते. शेताच्या बांधावरून दोन भावांत चाललेला दावा कलम १०० मध्ये कसा बसवला किंवा बसत नाही म्हणून कसा फेटाळला, हे पाहिले की त्या न्यायाधीशाची शिस्त कळते; गाजलेल्या जनहित याचिकेपेक्षा यात ती अधिक कळते, असे माझे मत आहे. फाशीच्या शिक्षेवर शिक्कामोर्तब करणारे प्रकरण निदान दोन न्यायाधीशांपुढे चालते. म्हणून तिथे निकालपत्र कोणी लिहिले आणि कोण सहमत झाले, हे नोंदवल्याशिवाय 'त्यांनी निकाल दिला' असे लिहू नये.

निवड करताना दहा-बारा निकाल पुरेत, पण त्यांत भिन्नमत असेल तर ते जरूर घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या नरेश मिरजकर खटल्यात १९६६ मध्ये हिदायतुल्ला यांनी एकट्याने वेगळी भूमिका घेतली होती. जिथे नाव अपेक्षित असूनही दिसत नाही, तिथेही थांबावे. १९६९ मध्ये कार्यवाहक राष्ट्रपती म्हणून त्यांनी बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला संमती दिली होती आणि १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठावर सरन्यायाधीश असूनही ते नव्हते. त्या पीठाचे नेतृत्व न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी केले. प्रत्येक निवडलेल्या निकालापुढे सर्वोच्च न्यायालयात त्याचे काय झाले, हेही एका वाक्यात द्यावे. निकाल फिरवला गेला असेल, तर तो झाकू नये. फिरवलेल्या निकालांवर खुद्द न्यायमूर्ती अधिक मोकळेपणाने बोलतात, असा अनुभव आहे.

शिक्षण, कुटुंब आणि छंद यांना एक परिच्छेद बस्स. ज्युनिअर म्हणून ते कोणाच्या चेंबरमध्ये होते आणि सरकारी वकील होते का, हे मात्र त्यातून सुटू देऊ नये.

निवृत्तीनंतरचा काळ लिहिताना अनुच्छेद २२० आठवावा. कायम न्यायाधीश राहिलेल्या व्यक्तीला सर्वोच्च न्यायालय आणि इतर उच्च न्यायालये वगळता वकिली करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्यांविषयी 'पुन्हा नागपूर खंडपीठात वकिली सुरू केली' असे कोणी सांगितले, तर ते वाक्य छापण्यापूर्वी सांगणाऱ्याला एकदा परत फोन करावा.