कोल्हापुरात लाकूड घेताना: नागपूरकडून आलेल्या हौशी सुतारांसाठी

महाराष्ट्र एक्सप्रेसमधून उतरलेला आपल्याकडचा माणूस लाकडाचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य टाकतो, "आमच्या आलापल्लीचा साग बघा." बघितलाय. उत्तमच आहे. पण तो तिकडे गडचिरोलीतल्या आलापल्लीत आहे, आणि तुम्ही राजारामपुरीत भाड्याच्या घराच्या गॅलरीत रंधा घेऊन बसलाय. मीही २००९ मध्ये असाच आलो होतो, सासरहून चार फळ्या आणायचा बेत करून. सागवान गावाहून हलवायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. "काकांच्या शेतातलंच झाड आहे हो" हे नाक्यावर चालत नाही. तो नाद सोडा, इथंच घ्या.

इथं म्हणजे कुठं, तर सगळे टिंबर मार्केट सांगतील. जा जरूर, पण पहिल्या दिवशी पैसे नेऊ नका. वखारवाला "फुटाला इतके" म्हणेल तो घनफूट असतो, लांबीचा फूट नव्हे. मी पहिल्यांदा मनातल्या मनात हिशेब केला आणि किती स्वस्त म्हणून खूश झालो होतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ नं भागायचं. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, इंचभर जाड टेबलाचा माथा म्हणजे सव्वा घनफूट. कापण्यात जाणारं धरून पावणेदोन सांगा. आणि रंधा मारल्यावर इंची फळी सहा सूतच, म्हणजे पाऊण इंचच उरते. जाडी पूर्ण इंच हवी असेल तर दीड इंची चिरून घ्या. ओंडका मात्र घेऊ नका, तो आपला खेळ नाही.

सागवान म्हणजे आपल्याच जंगलातलं, असंही समजू नका. घाना, नायजेरिया, इक्वेडोरच्या लागवडीतला साग जहाजानं येतो आणि देशभर विकला जातो. तो वाईट नसतो. कोवळा तोडलेला असेल तर कडेचा पांढरा भाग जास्त निघतो आणि भुंगा तिथंच आधी शिरतो, म्हणून पांढरं बाजूला काढून भाव करा. शिसम महाग. बाभूळ चिवट, पण हातरंध्याचा जीव घेते. फणस मला स्वतःला फार आवडतो. पिवळाधमक, रंध्याला गोड, आणि आजरा-चंदगडकडे भरपूर. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात. बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवल्याशिवाय घरात आणू नका.

आता खरा मुद्दा. ओलं लाकूड घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली फळी पंचेचाळीस अंशांत आपोआप कडकडीत होते, म्हणून आपल्याला तपासायची सवयच नसते. इथं जून ते सप्टेंबर भिंतींनासुद्धा ओल असते. मी ऑगस्टमध्ये पंधरा हजारांचा साग उचलला. विकणारा म्हणाला, "वाळलेलाच हाय की." मीही दोन फळ्या टकटक वाजवून जाणकारासारखी मान हलवली. गणपतीपर्यंत जेवणाचं टेबल तयार, माथा खालच्या चौकटीला चारी बाजूंनी स्क्रूनं घट्ट आवळलेला. एप्रिलच्या एका दुपारी बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. माथा मधोमध चिरला होता. लाकूड वाळताना रुंदीत आक्रसतं. तीन फुटांत अर्धा इंच सहज जातो, आणि स्क्रू त्याला हलू देत नाहीत. चूक वखारवाल्याची थोडी, माझी जास्त.

म्हणून लाकडातली ओल मोजायचा मीटर घ्या, दोन टोचण्यांचा. फळीच्या पाठीवर नव्हे, टोकाचा तुकडा कापून ताज्या कापावर टोचा. बारा टक्क्यांच्या आसपास असेल तर काम सुरू करा, अठरा असेल तर थांबा. मीटर नसेल तर तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या घरात रुळलं. नुसत्या हवेवर इंचाला वर्ष लागतं, तेवढा धीर धरा. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून चवड रचा, टोकांना रंग फासा. आणि पावसाळ्यात लाकूड घेऊ नका. पुन्हा सांगतो, घेऊ नका. आपल्यातले तीन जण माझं ऐकून हसले होते. तिघांच्याही कपाटांची दारं आता लागत नाहीत.

वाळलेलं लाकूड कुठं मिळतं हे मला चार वर्षांनी कळलं, उद्यमनगरात. या गावात फौंड्र्या, म्हणजे धातूचे ओतकाम करणारे कारखाने आहेत आणि फौंड्रीला लागतो लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना. पॅटर्नला पीळ पडला की साचा चुकतो आणि ओतलेला माल भंगारात जातो. त्यामुळे लाकडाच्या ओलीबद्दल पॅटर्नवाल्याइतका खडूस माणूस दुसरा नाही. आता बरंच काम अॅल्युमिनियमवर आणि रेझिनवर गेलंय, तरी जुन्या शॉपमध्ये सागाचे वर्षानुवर्षं मुरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. डबा, स्टूल, पाट यांना ते पुरतात. फोनवर विचारलंत तर "बघू की" एवढंच ऐकायला मिळेल. जा, चहा घ्या, त्यांचं काम बघा. आपली माणसं इथं कमी पडतात. दोन वाक्यं खणखणीत ऐकली की "कोल्हापूरकर भांडतात" म्हणून परत येतात. ते भांडत नाहीत, बोलतात. माझी वखारीतली फळी हातात घेऊन एक मिस्त्री म्हणाले होते, "मर्दा, ह्ये अजून रडतंय." आणि आतून स्वतःचा तुकडा आणून फुकट दिला. फक्त त्यांची मोजपट्टी उसनी घेऊ नका. धातू थंड होताना आक्रसतो म्हणून ती मुद्दाम मोठी आखलेली असते, बिडाची पट्टी साधारण एका टक्क्यानं. माझा एक खण त्या पट्टीनं झालाय.

जुन्या वाड्यांच्या तुळया विकणारेही आहेत. लाकूड अव्वल, पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती दिवस पाण्यात होतं, हे विचारूनच घ्या. आरा मशीनवर नेण्याआधी लोहचुंबक फिरवा. खिळा लागून पातं गेलं तर त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतात.